प्रॉपर्टीवाल्या काकांच्या आठवणी जमवायच्यात? तारखा राहू द्या, पत्ते गोळा करा

काका गेल्यावर 'त्यांच्याबद्दल चार ओळी लिही' हे काम घरातल्या कोणावर तरी येतंच, आणि ज्याच्यावर येतं तो सरळ जन्मतारखेपासून सुरू करतो, मग शिक्षण, मग लग्न, मग 'अत्यंत मनमिळाऊ स्वभाव', आणि तिथे गाडी अडते, कारण यापुढचं कोणालाच नीट माहीत नसतं. काका घरं दाखवायचे, जागांचे सौदे करायचे, दिवसभर बाहेर असायचे, जेवताना पण फोन वाजायचा. बास, घरच्यांना एवढंच माहिती. (काका म्हणतोय पण मामा असतील, आत्याचे यजमान असतील, कोणीही असू देत, प्रॉपर्टीच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस एवढं धरून चाललोय.)

माझं म्हणणं एवढंच की अशा माणसाचं आयुष्य तारखांनी लावायला जाऊ नका, पत्त्यांनी लावा.

कारण बघा, या धंद्यातल्या माणसाचं काम रस्त्यावरून जाता-येता दिसतं पण त्याचं नाव त्यावर कुठेच नसतं. दारावरच्या पाटीवर घेणाऱ्याचं नाव, इमारतीवर बिल्डरचं, खरेदीखतात देणारा आणि घेणारा, काकांची सही असलीच तर खाली कोपऱ्यात साक्षीदार म्हणून. मास्तरांचे विद्यार्थी येऊन सांगतात की सरांनी आम्हाला घडवलं. ज्याने घर मिळवून दिलं त्याच्याबद्दल सांगायला सहसा कोणी येत नाही, कारण ताबा मिळाला की लोक त्याला विसरतात, आणि खरं सांगायचं तर कमिशन देऊन झालेलं असतं त्यामुळे हिशोब मिटला असंच वाटत असतं. तर ही तुटलेली जोडणी परत करायची आणि त्यासाठी पत्त्याइतका सोपा धागा दुसरा नाही.

जागेवरून आठवणं ही काय नवीन युक्ती नाही. सिमोनिडीस नावाच्या ग्रीक कवीची एक जुनी गोष्ट आहे, रोमन वक्ता सिसेरोने ती सांगितलीय. हा कवी एका मेजवानीला गेलेला, कोणीतरी बोलावलं म्हणून बाहेर आला आणि तेवढ्यात मागे छत कोसळलं. आतले लोक ओळखू न येण्याइतके चेंगरले होते. कोण कुठे बसलं होतं ते मात्र याला आठवत होतं, त्यावरून त्याने एकेकाची ओळख पटवून दिली, आणि जागा धरून लक्षात ठेवायची पद्धत तिथून सुरू झाली म्हणतात. खरी किती दंतकथा किती ते जाऊ द्या, पण प्रॉपर्टीवाल्या माणसासाठी ही पद्धत जणू मापाने शिवल्यासारखी बसते.

लिहायच्या आधी: टेबलाचा खण, चाव्या आणि फोन

लिहायची घाई नाही, ते नंतर करता येतं. पण काही गोष्टी पहिल्या काही आठवड्यांत नाही केल्या तर कायमच्या हातातून जातात.

सगळ्यात आधी दुसऱ्यांच्या वस्तू वेगळ्या काढा. या कामातल्या माणसाच्या टेबलात लोकांच्या चाव्या असतात, मूळ कागद असतात, ओळखपत्रांच्या झेरॉक्स असतात, कधी कोणाच्या इसाराच्या पावत्या. त्या आठवणी नाहीत, अमानत आहेत. अर्धवट राहिलेले सौदे कोणते, कोणाचे पैसे यायचे, कोणाचे द्यायचे हे त्यांच्या भागीदाराला नाहीतर वकिलाला बसवून आधी बघून घ्या, ज्याचं त्याला परत करा आणि परत करताना सही घ्या, तारखेसकट. हे कोरडं वाटेल पण मला विचाराल तर अशा काकांची पहिली खरी आठवण हीच, की त्यांच्याकडे विश्वासाने ठेवलेली चावी त्यांच्या माघारी पण नीट पोचली. आणि हे करायला जाल तिथेच पहिल्या गोष्टी ऐकायला मिळतात, चावी हातात घेतल्यावर माणूस आपोआप बोलायला लागतो.

काही चाव्या कोणाच्याच निघणार नाहीत. त्या टाकू नका, एकत्र बांधून ठेवा.

मग फोन. फोन आणि सिम लगेच बंद करायला जाऊ नका. नंबर बंद झाला की ओटीपी यायचे थांबतात आणि काही काळाने तोच नंबर तिसऱ्याच माणसाला दिला जाऊ शकतो. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापर नसला की काढून टाकलं जातं. गूगलच्या वैयक्तिक खात्यात २ वर्षं काहीच हालचाल नसेल तर ते खातं, त्यातले फोटो आणि मेल पुसले जाऊ शकतात. ॲपलमध्ये काकांनी जिवंतपणी कोणाला लेगसी कॉन्टॅक्ट (म्हणजे आपल्या माघारी डेटा मिळावा म्हणून नेमलेला माणूस) केलं असेल तर त्या माणसाला तेव्हा मिळालेली ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला देऊन डेटा मागता येतो, केलं नसेल तर काम बरंच लांबतं. फेसबुकचं प्रोफाइल स्मृतिखातं करून घेता येतं म्हणजे वाढदिवसाच्या भलत्या सूचना येत नाहीत. वारसाला काय काय उघडता येतं याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते तेवढे बघून घ्या. आणि एक, फोन उघडता आला म्हणून सगळंच वाचायचं असं नाही. काकू किंवा मुलं जे ठरवतील ते. आपल्याला हव्यात त्या व्हॉइस नोट, फोटो आणि कॉन्टॅक्टची यादी, बाकीच्यात नाक खुपसू नका.

कॉन्टॅक्टची यादी मात्र सोनं आहे हो! घरं दाखवणारा माणूस नंबर सेव्ह करताना नाव क्वचितच लिहितो. 'तिसरा मजला गॅलरीवाले', 'दोन कुत्रे', 'लोन अडकलं', 'बायकोला विचारून', 'पाहिजे पण नको', अशी नावं असतात. ही यादी जशीच्या तशी कॉपी करून ठेवा, सुधारू नका. काकांचं डोकं कसं चालायचं ते यात जितकं दिसतं तितकं कुठल्याही श्रद्धांजलीत दिसणार नाही. कोणाला दाखवायची वेळ आली तर नंबर काढून टाका, एवढं मात्र नक्की करा.

काय जपायचं आणि कसं

डायऱ्या, व्हिजिटिंग कार्डं, जाहिरातींची कात्रणं, साइटची माहितीपत्रकं, हाताने काढलेले नकाशे, मोजायची टेप, हे सगळं ठेवा. छापील माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला काका आकडेमोड करायचे का, बघा. तीच बाजू महत्त्वाची, पुढची नाही.

स्कॅन करताना आधी थर्मल कागदाच्या पावत्या घ्या, त्या उष्णतेने आणि उजेडाने विरत जातात, दोन-चार वर्षांत कोरा कागद उरतो. साधी कागदपत्रं ३०० डीपीआयला (स्कॅन किती बारीक होतं त्याचं माप) पुरतात, लहान फोटो ६०० ला करा. जुने निळे नकाशे असतील तर उन्हात किंवा भिंतीवर लावू नका. ती निळी छपाई म्हणजे सायनोटाइप, जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली, जास्त उजेडाने ती फिकी पडते आणि अल्कलीने पण बिघडते, म्हणून जतन करायचे म्हणून जे अल्कली मिसळलेले खास बॉक्स मिळतात ते नेमके हिला चालत नाहीत. साधा आम्लविरहित कागद मध्ये घालून सपाट ठेवा. लॅमिनेशन कशाचंच करू नका. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला.

आता फोटोंचं. यांच्या फोनमध्ये हजारो फोटो सापडतील आणि त्यातले बहुतेक रिकाम्या खोल्यांचे. रिकामं किचन, रिकामा हॉल, बाथरूमचा नळ, खिडकीबाहेरची भिंत. घरचे म्हणतात हे काय ठेवायचं, उडवा. थांबा जरा! या माणसाचे स्वतःचे फोटो फार कमी असतात कारण कॅमेऱ्यामागे कायम तोच. पण बाथरूमच्या आरशात बघा, कपाटाच्या काचेत बघा, संध्याकाळी काढलेल्या फोटोत खिडकीच्या काचेत बघा, फरशीवर पडलेल्या सावलीत बघा. तिथे काका असतात, फोन छातीशी धरून, मान थोडी वाकडी करून, ऐन कामात. पोझ दिलेल्या फोटोपेक्षा मला हे फोटो जास्त खरे वाटतात. असे सापडतील ते वेगळ्या फोल्डरमध्ये टाका.

बाकीच्यांपैकी प्रत्येक जागेचा एक फोटो ठेवला तरी पुरे, आणि तो मूळ फाइलमधून. मूळ फोटोच्या आत तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश पण लिहिलेले असतात. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती निघून जाते, म्हणून केबलने नाहीतर ड्राइव्हवरून कॉपी करा. नुसत्या या फोटोंवरून काकांच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांचे पत्ते बसल्या जागी मिळतात.

पत्त्यांची यादी

एक साधी शीट उघडा. रकाने जास्त नकोत: पत्ता, साधारण वर्ष, कोणासाठी, काय झालं, कोणी सांगितलं, आणि शेवटचा रकाना 'कागद आहे की ऐकीव'. हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि नंतर भांडतात. एक जण म्हणतो ते ऑफिस अमुक साली घेतलं, दुसरा म्हणतो छे, त्याच्या आधीच. अशा वेळी भाडेकरार किंवा खरेदीखत जे सांगेल ते खरं, आणि कागद नसेल तर दोघांचं लिहून ठेवायचं आणि पुढे जायचं.

यात फक्त विकलेल्या जागा घेऊ नका. काका जिथे लहानपणी राहिले ते घर, पहिली भाड्याची खोली, पहिलं ऑफिस (बऱ्याचदा ऑफिस म्हणजे कोणाच्या तरी दुकानातलं एक टेबल), जिथे उभं राहून गिऱ्हाइकाची वाट बघायचे तो कोपरा, ज्या जागेवर पैसे बुडाले ती, जी कधीच विकली गेली नाही ती. ही शेवटची तर हवीच हवी. प्रत्येक एजंटकडे अशी एक जागा असते जी तो वर्षानुवर्षं दाखवत राहतो आणि लोक नाकं मुरडत राहतात, आणि घरात त्या जागेवरून त्याची चेष्टा चालते. तिचा पत्ता शोधा, काकूंना पाठ असणार.

आणि काकांचं स्वतःचं घर. दुसऱ्यांना उजेड, वारा, दिशा, पाण्याचं प्रेशर सगळं समजावून सांगणारा माणूस स्वतः कुठल्या घरात राहिला आणि का, हे विचारलंत तर बऱ्याचदा भन्नाट उत्तर मिळतं.

यादी झाली की नकाशावर टाका. गूगलच्या माय मॅप्समध्ये फुकट करता येतं, खुणांना रंग देता येतात, आणि नकाशा तुम्ही शेअर करेपर्यंत खासगी राहतो. एक सांभाळा, दुसऱ्यांच्या राहत्या घराचे नेमके पत्ते त्यांना न विचारता सगळ्यांना दिसतील असे ठेवू नका, शेअर करायच्या नकाशात खूण जवळच्या चौकात सरकवा. कोणी किती पैसे मोजले हे तर कुठेच नको. काकांनी ते आयुष्यभर पोटात ठेवलं, आपण कशाला बाहेर काढायचं.

मग मजेचा भाग. गूगल अर्थमध्ये जुनी उपग्रहचित्रं बघता येतात, टाइमलॅप्समध्ये तर १९८४ पासूनची, अर्थात खूप जवळून नाही, पण मोकळं माळरान हळूहळू छपरांनी भरत जाताना स्पष्ट दिसतं. स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे गूगलच्या गाडीने रस्त्यावरून काढलेली दृश्यं, २००७ ला अमेरिकेत सुरू झालं आणि जिथे ही गाडी एकापेक्षा जास्त वेळा फिरलीय तिथे जुन्या तारखेचं दृश्य निवडता येतं. 'मी आलो तेव्हा इथे काही नव्हतं' हे वाक्य काका लोकांना शंभरदा बोलायचे ना, ते खरं होतं का हे इथे बघता येतं. बहुतेक वेळा खरं निघतं, कधीकधी तिथे आधीच दोन मजली इमारत उभी असते. असू दे, ते पण लिहा.

लोकांशी बोलताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत, म्हणून वयाने मोठ्यांपासून सुरुवात करा.

कोणाकोणाशी बोलायचं? घरचे तर आलेच. पण खरा खजिना बाहेर असतो. वॉचमन, रंगारी, प्लंबर, वकिलाकडचा कारकून, बँकेत लोनची फाइल बघणारे, टायपिंग करून देणारे, आणि हो, धंद्यातले प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्धी माणूस गेलेल्याबद्दल जे सांगतो त्यात मोजूनमापून कौतुक असतं, त्यामुळे ते खरं असतं. आणि ज्यांना काकांनी घर मिळवून दिलं नाही त्यांना पण गाठा. दहा-वीस घरं बघून शेवटी दुसरीकडूनच घेतलं अशी माणसं, त्यांनी काकांबरोबर गाडीत, जिन्यांवर, उन्हात जितका वेळ घालवला तितका सौदा पटकन झालेल्यांनी घालवलेला नसतो.

'काका कसे होते?' असं विचारू नका. उत्तर येणार 'फार चांगला माणूस', आणि त्याने तुमच्या पदरात काहीच पडत नाही. हालचाल विचारा. दार उघडल्यावर ते आधी आत जायचे की तुम्हाला जाऊ द्यायचे? पहिल्यांदा कुठली खोली दाखवायचे? घराचा दोष स्वतः सांगायचे की तुम्ही विचारेपर्यंत गप्प? भिंतीवर टकटक करून बघायचे का? भाव बोलताना खाली बघायचे की डोळ्यात? सौदा फिसकटला की त्या दिवशी काय करायचे? 'हे घर तुम्ही घेऊ नका' असं कधी कोणाला म्हणाले का? हा शेवटचा प्रश्न प्रत्येकाला विचाराच. कमिशनवर जगणारा माणूस स्वतःहून 'नको घेऊ' म्हणाला असेल तर तो प्रसंग पाच पानांच्या गुणवर्णनाला भारी आहे.

प्रश्न विचारला की गप्प बसा. आपल्याला शांतता सहन होत नाही म्हणून आपण मध्येच 'म्हणजे प्रामाणिक होते म्हणा ना' असं त्यांच्या तोंडात घालतो, मग ते 'हो हो' म्हणतात आणि गोष्ट तिथेच मरते. थोडं थांबलं की बहुतेक वेळा दुसरं वाक्य येतं, आणि ते पहिल्यापेक्षा बरं असतं.

रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, आणि परवानगीचं वाक्य रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फोन टेबलावर नुसता न ठेवता खाली रुमाल. ॲपमध्ये सोय असेल तर वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट, नसेल तर जे आहे ते चालेल, न केलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा काहीही चांगलं. तास-सव्वा तासाच्या वर ओढू नका, म्हातारी माणसं थकतात आणि थकली की सगळ्याला 'हो' म्हणतात.

वयाचा एक मुद्दा आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला उरलेल्या आयुष्यापेक्षा जास्त ठळक राहतात असं स्मृतीवर काम करणारे सांगतात. म्हणजे काकांच्या धंद्याचे सुरुवातीचे दिवस हवे असतील तर तेव्हा जे स्वतः तरुण होते त्यांना विचारा, तेव्हाच्या साहेबांना नव्हे. ऑफिसात त्या वेळी पोऱ्या म्हणून लागलेला मुलगा आज साठीचा असेल, त्याला त्या टेबलाचा रंगसुद्धा सांगता येईल.

जमलं तर बोलणं त्या जागेवर जाऊन करा. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली या दोघांनी पाण्यात बुडी मारणाऱ्यांवर प्रयोग केला होता, पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले आणि काठावरचे काठावर. तोच प्रयोग २०२१ मध्ये परत केला तेव्हा मात्र तसा फरक दिसला नाही, त्यामुळे शास्त्र म्हणून मी यावर पैज लावणार नाही. पण जुन्या इमारतीच्या जिन्यात उभं केल्यावर माणूस 'इथे लिफ्ट बंद होती, पाच मजले चढून आलो, तुझे काका वर पोचून हसत उभे' असं आपणहून बोलायला लागतो, हॉलमधल्या सोफ्यावर बसून हे निघत नाही. आत जायला मिळालं नाही तरी बाहेर फुटपाथवरून पण चालतं.

काकांची बोली पण गोळा करा. प्रत्येक एजंटची स्वतःची भाषा असते. त्यांची 'पाच मिनिटं' म्हणजे किती मिनिटं? 'जरा रंग मारला की झालं' म्हणजे नेमकं काय काय मोडकं? 'शांत भाग' म्हणजे बस जात नाही, 'मध्यवर्ती' म्हणजे रात्री झोप नाही, हे घरातल्यांना कळायचं का? जुन्या छोट्या जाहिराती शब्दांवर नाहीतर ओळींवर पैसे घेऊन छापल्या जायच्या म्हणून त्यात शब्द तोडून-मोडून बसवलेले असायचे, काकांनी लिहिलेली अशी एखादी सापडली तर ती त्यांचं लिखाण म्हणूनच जपा, त्यात पण त्यांची चव असते.

न आवडणाऱ्या गोष्टींचं काय

निघणार. हा धंदाच असा आहे की कोणाला तरी फसवलं गेल्यासारखं वाटतंच, कधी चुकीच्या समजुतीने आणि कधी खरोखर. कमिशनवरून तुटलेली मैत्री, भावाभावांच्या वाटणीत कोणाची तरी बाजू घेतलेली, गळकं छत माहीत असून न सांगितलेलं. कोणी असं काही सांगायला लागलं तर वाद घालू नका, ऐकून घ्या, लिहून ठेवा, कोणी सांगितलं ते पण. छापायचं की नाही ते नंतर घरात बसून ठरवा. जिवंत माणसांची नावं आणि न्यायालयात असलेली प्रकरणं बाहेर ठेवणंच शहाणपणाचं. पण सगळंच गाळून काकांचा देव केलात तर ज्यांनी त्यांना ओळखलं होतं ते वाचताना मनात म्हणणार, हा कोण बुवा? थोडा चिडका, उशिरा येणारा, भाव करताना कोणाचंही न ऐकणारा माणूस राहू द्या की पानावर.

घरच्यांनी पण जरा मोकळं व्हावं इथे. असे काका लग्नकार्यात उशिरा यायचे, मुलांच्या शाळेत कधी गेले नाहीत, सुट्टीच्या दिवशी तर हमखास बाहेर, कारण लोकांना घरं बघायला सुट्टीच मिळते. काकूंनी याबद्दल बोलायचं ठरवलं तर त्यांना 'जाऊ दे ना आता' म्हणून गप्प करू नका.

घर किंवा ऑफिस रिकामं करायच्या आधी

काकांची जागाच आता विकायची किंवा सोडायची असेल तर सामान हलवायच्या आधी एक दिवस काढा. दारापासून सुरू करून भिंतीला उजवा हात लावल्यासारखं एकेका खोलीतून हळू फिरत व्हिडिओ काढा, न बोलता. दाराचा आवाज, बटणाचा आवाज, खालून येणारा रस्त्याचा आवाज येऊ द्या. मग त्यांचीच टेप घ्या आणि मापं घेऊन घराचा नकाशा काढा, १ मीटरला १ सेंटीमीटर असा, म्हणजे साध्या कागदावर मावतो. दारं कुठल्या बाजूला उघडतात ते दाखवा. त्यात लिहा की ते कुठे बसायचे, फोन कुठल्या खिडकीशी लागायचा, चप्पल कुठे, चष्मा कुठे. घरातल्या लहान मुलांना हे काम द्या, मुलं मोजायला जाम उत्साहाने तयार होतात, आणि मोजताना प्रश्न विचारतात, आणि उत्तरं द्यायला मोठ्यांना आठवावं लागतं.

शेवटी काय बनवायचं

सगळ्यांना पुस्तकच काढायचं असतं. काढा, पण आधी लहान काहीतरी पूर्ण करा. सभेत बोलायचं असेल तर पाच मिनिटांना साधारण पाचशे शब्द पुरतात आणि त्यात तीन पत्ते मावतात, चौथा घुसवू नका. माझी निवड अशी असेल: एक पत्ता जिथून ते निघाले, एक जिथे कोणाचं तरी आयुष्य त्यांच्यामुळे वेगळ्या वळणावर गेलं, आणि एक जो त्यांना कधीच विकता आला नाही. या तिसऱ्यावर लोक हसतील. हसू द्या, दुःखाच्या सभेत असं हसू आलं तर खोलीतली हवा बदलते.

लिहिताना पत्त्यापासूनच वाक्य सुरू करा, विशेषणापासून नको. म्हणजे 'काका अत्यंत कष्टाळू होते' याऐवजी असं काहीतरी:

'कोपऱ्यावरची चार मजली इमारत, दुसरा मजला, डावीकडचं दार. हे घर काकांनी एकाच कुटुंबाला तीनदा दाखवलं. दोनदा नवरा-बायकोला, तिसऱ्यांदा आजींना एकटीला, दुपारी, कारण दिवसा घरात त्याच असणार होत्या. आजी खिडकीशी बसून राहिल्या. काका बाहेर जिन्यात थांबले.'

यात कौतुकाचा एक शब्द नाही. लागत पण नाही.

पुस्तिका करायची असेल तर एका पानाला एक पत्ता, एक फोटो, आठ-दहा ओळी, आणि खाली कोणी सांगितलं त्याचं नाव, अर्थात त्यांना विचारून. क्रम वर्षांचा नको, नकाशावर चालत गेल्यासारखा ठेवा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग एकाच रस्त्यावर पंचविशीतले काका आणि सत्तरीतले काका शेजारी शेजारी येतात, आणि तारखांच्या क्रमात जे कधीच दिसलं नसतं ते दिसतं, की पहिलं टेबल जिथे मिळालं त्याच्या समोरच्याच इमारतीत त्यांनी शेवटचं ऑफिस घेतलं वगैरे. आवाजांची रेकॉर्डिंग चांगली झाली असतील तर पुस्तिकेऐवजी नकाशावरच्या खुणांना ऑडिओची लिंक जोडा, घरातली तरुण मंडळी तेच जास्त ऐकतील.

छापायच्या आधी काकूंना आणि ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांना त्यांचं त्यांचं पान वाचायला द्या. 'हे काढ' म्हणाले तर काढा, हुज्जत नको.

साठवणीचं थोडक्यात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग पत्ता, मग सांगणाऱ्याचं नाव. 'काका फायनल नवीन २' अशी नावं दिलीत तर पुढच्या पिढीला काही सापडणार नाही. पासवर्ड निदान दोघांकडे हवा. आणि पुस्तिका वाटल्यावर दोन-चार महिने फोन येत राहतात, 'अरे आमच्या घराचं नाही टाकलंस', 'तो मजला तिसरा नव्हता, चौथा होता'. म्हणून शीट बंद करू नका, खाली रिकाम्या ओळी ठेवा, मागच्या पानावर तुमचा मेल आयडी छापा आणि येईल ते त्याच दिवशी भरत जा.